उन्हाळ्यात ट्राउटसाठी हिमाचलात जाताना या चुका टाळा

मे-जूनमध्ये तीर्थन, सैंज किंवा बियास नदीकाठी गळाने ट्राउट मासा पकडायला जाणाऱ्या आपल्या सभासदांना सर्वांत जास्त अडचणी येतात त्या गळामुळे किंवा रॉडमुळे नव्हे, तर पाणी न ओळखल्यामुळे. आपल्यापैकी बहुतेकांचा हात पवईसारख्या तलावांवर आणि धरणांच्या साचलेल्या पाण्यावर रोहू-कटल्यासाठी बसलेला असतो. तिथे ऊन वाढले की पाणी उतरते आणि तापते. बर्फाच्या नदीचे गणित याच्या उलट चालते, कारण जेवढे कडक ऊन तेवढे बर्फ अधिक वितळते आणि तेवढीच नदी चढते. ब्राउन ट्राउट हा मूळचा थंड पाण्याचा युरोपीय मासा आहे. 1900 साली स्कॉटलंडहून तो काश्मीरला पोहोचला आणि 1909 मध्ये कुल्लू खोऱ्यात महिली येथे त्याची पैदास सुरू झाली. हिमालयात तो टिकला तो या थंड पाण्याच्या बळावर, म्हणून पाण्याचे तापमान, रंग आणि पातळी या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय रॉड जोडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुपारी नदीवर पोहोचणे

निवांत नाश्ता करून अकराच्या सुमारास काठावर जायचे आणि संध्याकाळपर्यंत बसायचे, ही सवय इथे उपयोगाची नाही. वर दुपारी वितळलेले पाणी खाली यायला काही तास लागतात, त्यामुळे नदी दुपारनंतर चढू लागते, संध्याकाळी किंवा रात्री सर्वांत फुगलेली असते आणि पहाटेपर्यंत उतरून निवळते. उजाडल्यापासून साडेनऊ-दहापर्यंतचा वेळ हाच खरा कामाचा. चढत्या पाण्याबरोबर बारीक गाळ येतो आणि पाण्याला राखाडी झाक येते. गुडघाभर पाण्यात उभे राहिल्यावर स्वतःचा बूट दिसत असेल तर मासा लागण्याची आशा आहे. तोही दिसत नसेल तर गळ टाकत राहण्यापेक्षा वरच्या अंगाला एखाद्या उपनदीवर किंवा नाल्यावर जावे, कारण झऱ्यांवर पोसलेले असे नाले मुख्य नदी गढूळ असतानाही बरेचदा स्वच्छ असतात.

काठावर पोहोचताच पाण्याला टेकलेला एक मोठा दगड निवडावा, त्यावर पाण्याची रेघ नेमकी कुठे आहे ते पाहून ठेवावे आणि दर पंधरा मिनिटांनी तिकडे नजर टाकावी. रेघ बुडाली, देवदाराची सुकी पाने आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, किंवा तळातले गोटे एकमेकांवर आपटल्याचा घरघरता आवाज पाण्याखालून येऊ लागला, तर पाणी वाढते आहे हे नक्की. अशा वेळी पलीकडच्या काठावर किंवा नदीतल्या बेटावर असलेल्याने दोर गुंडाळण्यात वेळ न घालवता आधी परत यावे. धरणाखालच्या भागात हा इशारासुद्धा मिळेलच असे नाही. 8 जून 2014 रोजी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात मंडी जिल्ह्यातील थलोट येथे बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे 24 अभियांत्रिकी विद्यार्थी वाहून गेले. त्यामुळे धरणाखाली नदीच्या पात्रात उतरू नये. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचे पूर येतात, तेव्हा हा बेत पूर्णपणे रद्द करावा.

मधल्या धारेत गळ टाकणे

फुगलेली नदी पाहिली की लांब फेक करून मधली जोरकस धार गाठण्याचा मोह होतो. ट्राउट मात्र त्या धारेत थांबत नाही. ज्या जागी कमीत कमी ताकद खर्चून तोंडाशी अन्न येते ती जागा तो धरतो, म्हणजे मोठ्या दगडाच्या पुढची मंद पाण्याची उशी, त्यामागचा संथ पट्टा, किंवा वेगवान आणि मंद पाण्याची शीव. पाणी जास्त असताना तो काठापासून हातभर अंतरावरही असतो. म्हणून पाण्यात पाय घालण्याआधी काठालगतचे पाणी चाचपून पाहावे, कारण पहिल्याच पावलाने उडालेला मासा त्या जागी लवकर परतत नाही. किंचित गढूळ पाण्यात गडद रंगाची थोडी मोठी फ्लाय (किड्यासारखे बनवलेले कृत्रिम आमिष) वजन देऊन तळाजवळून न्यावी. स्पिनर (पाण्यात फिरणाऱ्या पात्याचे आमिष) वापरत असल्यास तो फिरत राहील एवढ्याच कमी वेगाने ओढावा.

छोट्या, उथळ नाल्यात अडचण नेमकी उलटी असते. पाणी काचेसारखे असते आणि मासा समोर दिसूनही आमिषाकडे फिरकत नाही. ट्राउटचे तोंड वरच्या अंगाला, येणाऱ्या प्रवाहाकडे असते, त्यामुळे खालच्या अंगाने, वाकून आणि आपली सावली पाण्यावर पडू न देता जवळ जावे. 0.20 मिलिमीटरचा दोर लावला असेल तर तो 0.15 वर आणावा आणि फ्लाय 16 किंवा 18 नंबरची, म्हणजे बारीक घ्यावी. इतके करूनही मासा हलला नाही तर दोष फ्लायचा नसून बहुधा तापमानाचा असतो.

थर्मामीटर न बाळगणे

ही चूक सर्वांत जास्त होते आणि तिची किंमत मासा मोजतो. समुद्रसपाटीला 10 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 20 अंशांना तो 9.1 पर्यंत घटतो, आणि 1,500 मीटरच्या आसपास हवेचा दाबच सुमारे सहाव्या हिश्शाने कमी असल्याने हे दोन्ही आकडे आणखी खाली येतात. उलट पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते. ब्राउन ट्राउट 12 ते 17 अंशांत चांगला खातो, 19-20 च्या पुढे त्याचे खाणे मंदावते आणि 25 अंशांच्या आसपास तो फार काळ जगू शकत नाही. बर्फाच्या मुख्य नदीत ही वेळ सहसा येत नाही, परंतु कमी उंचीवरचे, पाणी आटलेले नाले जूनच्या दुपारी सहज तापतात. 18 अंशांना सावध व्हावे आणि 20 अंशांना गळ गुंडाळावा. मोजताना थर्मामीटर उन्हातल्या उथळ काठाला न धरता सावलीतल्या वाहत्या पाण्यात दोन मिनिटे बुडवून ठेवावा, अन्यथा आकडा फसवा येतो.

मासा हाताळताना होणारी हयगय

सोडलेला मासा पोहत गेला म्हणजे तो जगला, असा समज आहे. तो धोकादायक आहे, कारण दमलेला मासा काही तासांनीही मरू शकतो. फार बारीक दोराने मासा खेळवत ठेवणे हे कौशल्य नसून छळ आहे. थंड पाण्यातही त्याला लवकर जाळीत घ्यावे. तीन टोकांच्या गळाऐवजी एकच गळ लावावा आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा, म्हणजे जाळीतल्या पाण्यातच तो क्षणात सुटतो. कोरड्या हाताने किंवा तापलेल्या दगडावर ठेवल्याने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशीची लागण होते, त्यामुळे हात आधी ओले करावेत. छायाचित्र काढायचेच असेल तर कॅमेरा तयार झाल्यावरच मासा दोन-तीन सेकंद वर उचलावा. सोडताना त्याचे तोंड मंद प्रवाहाकडे धरून तो स्वतः निसटेपर्यंत आधार द्यावा. पाण्यात पुढे-मागे ढकलत राहिल्यास पाणी कल्ल्यांतून उलट जाते आणि अपाय होतो. गळ घशात खोल गेला असेल तर ओढाताण न करता दोर गळाजवळ कापावा.

निघण्यापूर्वी

परवाना मत्स्य विभागाकडून घ्यावा लागतो, आणि ट्राउटचा हंगाम मार्च ते ऑक्टोबर असतो. कोणत्या पट्ट्यात परवानगी आहे, किती आणि केवढे मासे ठेवता येतात, हे परवान्यावरच वाचून घ्यावे, हॉटेलवाल्याच्या सांगण्यावर विसंबू नये. तलावावर वापरलेले बूट, जाळी आणि वेडर्स (पाण्यात उतरण्याच्या जलरोधक विजारी) धुऊन कडक वाळवल्याशिवाय या नद्यांत उतरवू नयेत, कारण ओल्या शिवणींतून परजीवी आणि शेवाळ एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातात.