पाहुणे आठला, पानं नऊला: घरच्या जेवणाचं टायमिंग कसं जमवायचं

रात्री पाहुणे बोलावले की आपण म्हणतो "आठला या" आणि स्वयंपाकही आठच्याच हिशेबाने करतो, गडबड तिथेच होते. आठला या म्हटलं की माणसं येणार साडेआठला, मग पाणी, सरबत, चौकशा, कोणी घेणारे असतील तर त्यांचा एखादा पेग, म्हणजे जेवायला बसेपर्यंत नऊ वाजणारच. तोवर तळलेले मासे मऊ पडलेले आणि भात ढेकळं झालेला. म्हणून पाहुणे कधी येणार हे सोडा, पानं कधी मांडायची ते आधी ठरवा आणि तिथून घड्याळ उलटं मोजत या. इथे आपण नऊ धरू, माणसं आठ, आणि मेनू आपला गोव्याचा, ओळखीचाच: भात, सुंगटांचं (कोळंबीचं) हुमण म्हणजे आमटी, इसवणाच्या (सुरमईच्या) तळलेल्या फोडी, चिकन शागुती (नारळाच्या वाटणाचा रस्सा), सोलकढी आणि शेवटी मणगणं (चणाडाळ-गुळाची खीर).

बोलावतानाच वार बघा. सोमवार कोणाला चालत नाही, गुरुवार कोणाला चालत नाही, श्रावणात तर विचारूच नका, त्यामुळे फोनवर "त्या दिवशी नुस्तं (मासे) खाता ना?" हे सरळ विचारून घ्यायचं, त्यात लाजायचं काय. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते, मासळी कमी आणि भाव वर, अशा वेळी माझ्या मते इसवणाच्या मागे न लागता शागुतीवर भर द्यावा आणि जोडीला सुक्या सुंगटांची किसमूर (खोबरं-कांद्याची कोशिंबीर) करावी, ती अर्धा तास आधी कालवून ठेवली तर मऊ पडते म्हणून सगळं साहित्य वेगवेगळं ठेवून पान वाढताना कालवायची.

आता मुख्य गोष्ट. मेनूत थांबणारे पदार्थ कितीही असूद्यात, न थांबणारा एकच हवा. आपल्याकडे तो म्हणजे तव्यावरचा मासा. शागुती सकाळी केली तर रात्री उलट जास्त चांगली लागते, मणगणं दुपारी होतं, सोलकढी संध्याकाळी. पण मासे पण तळायचे, वर गरम पुऱ्या पण, असं दोन्ही डोक्यात घेतलंत तर यजमानीणबाई पूर्ण वेळ स्वयंपाकघरात आणि पाहुणे एकमेकांची तोंडं बघत बाहेर. पाव हवे असतील तर संध्याकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकू आला की उंडे (गोल पाव) घेऊन फडक्यात गुंडाळून ठेवा, वाढायच्या आधी कोरड्या तव्यावर शेकले की झालं.

सकाळी बाजार. मासे तिथेच कापून साफ करून आणायचे, घरी आल्याआल्या फ्रीजमध्ये. मग नारळ: शागुती, हुमण, सोलकढी, मणगणं, चारही ठिकाणी नारळच, त्यामुळे सगळं खवणणं एकदमच उरकायचं. आणि वाटणं पण सकाळीच करा, संध्याकाळवर ठेवू नका, कारण पावसाळ्यात नेमका सातला करंट जातो आणि मिक्सर गप्प बसतो, मग दगडी रगडा कोण काढणार? वाटणं डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवली की अर्धं काम झालं.

सहा वाजता सोलं (आमसुलं) कोमट पाण्यात भिजत टाका. सातच्या सुमारास त्यात नारळाचा रस, मीठ, लसूण, मिरची घालून सोलकढी फ्रीजमध्ये, गॅसवर अजिबात ठेवायची नाही, फुटते. हुमणाचा रस याच वेळी तिरफळं घालून उकळून ठेवा पण सुंगटं त्यात टाकू नका, ती साडेआठला रस परत गरम करून टाकायची आणि पाचेक मिनिटांत गॅस बंद. संध्याकाळीच टाकून नऊला परत गरम केली की सुंगटं चिवट होतात, रबरच चावत बसायचं.

उकडा भात असेल तर उघड्या टोपात पाऊण तास तरी धरा, म्हणजे सव्वासातला पाणी ठेवायचं. आठपर्यंत निवळून झाला की झाकण घालून जाड टॉवेलात टोप गुंडाळून ठेवा, नऊपर्यंत छान गरम राहतो. हे करायचंच, कारण नंतर शेगड्या मोकळ्या लागतात.

त्याचा हिशेब असा. माणशी दोन म्हणजे सोळा फोडी, एका तव्यावर चार मावतात, एका घाण्याला सात-आठ मिनिटं, म्हणजे एकाच तव्यावर अर्धा तास सहज जातो. दोन तवे ठेवलेत तर पंधरा-सोळा मिनिटं. दोनच शेगड्या असतील तर हुमण आणि शागुती तवे चढायच्या आधी गरम करून झाकून ठेवायला हवी. फोडींना मीठ, हळद, तिखट, आगळ (कोकमाचा रस) आठला लावा, पण रवा मात्र तव्यात टाकतानाच, एकेक फोड घोळवून, आधी लावून ठेवला की पाणी सुटून ओला होतो आणि उलटताना तव्याला चिकटून राहतो. तळलेली फोड चाळणीवर काढा, झाकणाच्या डब्यात भरली की वाफेनं कुरकुरीतपणा गेलाच.

तवा तापवायचा कधी? घड्याळ बघून नाही, माणसं बघून. फोनवर "पोचलोच हो" म्हणणारे अजून पर्वरीला ट्रॅफिकमध्ये असू शकतात, शनिवार-रविवारी मांडवीच्या पुलावर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. पाहुणे घरात येऊन टेकले, पाणी पिऊन झालं की मग तवे. उशीर होतोय असं दिसलं तर बरोबरच्या मुलांना थांबवू नका, आल्याआल्या त्यांना आमटी-भात वाढून मोकळं करा. मोठ्यांसमोर निरफणसाची कापं किंवा काजू ठेवा, पण थोडेच, नाहीतर जेवताना "आता पुरे हो वहिनी" सुरू. कोणाला फेरीबोटीने परत जायचं असेल तर शेवटच्या फेरीची वेळ आधीच विचारून पानं तेवढी अलीकडे ओढा.

सगळ्या सोळा फोडी होईपर्यंत लोकांना ताटकळत ठेवायचं कारण नाही. पहिला घाणा उतरला की पानं मांडा, वाढायचं काम घरातल्या दुसऱ्या कोणावर तरी सोपवा, दुसरा घाणा जेवण चालू असताना थेट पानात. तो उतरला की गॅस बंद करून तुम्ही पण पंगतीला बसा.

मणगणं दुपारचं असल्यामुळे तोवर घट्ट झालेलं असतं. थोडा नारळाचा रस बाजूला काढून ठेवलेला असेल तर तो घालून मंद आचेवर नुसतं कोमट करा, उकळी येऊ द्यायची नाही, आणि जेवण झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी वाटीत द्या.