शाळा सुधारायला निघालात? आधी रंगाचा डबा खाली ठेवा

मुंबईतल्या एका छोट्या मराठी शाळेत मी बरीच वर्षं शिकवलं. शेवटी पट 74 वर आला आणि शिक्षक आम्ही तिघं. शिक्षणहक्क कायद्याच्या हिशेबात ते बसतं: साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 पर्यंत तीन. शाळा सुधारताना होणाऱ्या ज्या चुका इथे सांगते, त्या कुठे वाचलेल्या नाहीत, आम्हीच केलेल्या आहेत.

मुलांना काय येतं ते न बघताच खर्च

एका वर्षी देणगी मिळाली. बाहेरून रंग दिला, जिन्याच्या पायऱ्यांवर पाढे रंगवले, एक मोठा टीव्ही आणला. टीव्हीवर कविता लागली की पोरं एका सुरात म्हणायची. आम्ही खूश.

त्याच वर्षी तिसरीतला एक मुलगा माझ्यासमोर धडाधड वाचत होता. छापलं होतं, "पक्षी घरट्यात बसला." त्याने वाचलं, "चिमणी घरट्यात बसली." मी चित्रावर तळहात ठेवला आणि म्हटलं, वाच पुन्हा. गप्प. दोन वर्षं तो चित्रं वाचत होता आणि आम्ही प्रगतिपुस्तकात 'वाचन चांगले' लिहीत होतो.

म्हणून जूनमध्येच एकेका मुलाला बाजूला घ्या. एका कागदावर सुटी अक्षरं, सोपे शब्द, चार वाक्यं आणि एक छोटी गोष्ट. मजकूर पाठ्यपुस्तकातला नको, तो पाठ असतो. चित्र तर नकोच. 'प्रथम' ही शिक्षणात काम करणारी संस्था 2005 पासून 'असर' या सर्वेक्षणासाठी खेड्यापाड्यांत साधारण असंच वाचून घेते. चाळीतल्या मुलालाही तोच कागद चालतो. मुलामागे दोन मिनिटं धरली तर 74 मुलांना अडीच तास, तिघांत वाटले तर तासाच्या आत काम होतं. कुणाला काय वाचता येतं याची यादी बाईंच्या वहीत राहू द्या. भिंतीवर लावलीत की दुसऱ्या दिवशी 'तुला अक्षरंपण येत नाहीत' सुरू.

यादी केली आणि कपाटात ठेवली

हे वरचेवर होतं. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान 2021 मध्ये आलं. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि हिशेब करता यावा, आणि तेही 2026-27 पर्यंत, असं त्याचं उद्दिष्ट. आम्ही फलक लावला, माहिती भरली, आणि वर्गात धडा क्रमांक सात जसाच्या तसा पुढे सरकला.

रोज एक तास दुसरी ते चौथीची मुलं इयत्ता विसरून गटात बसवा: अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले दुसरीकडे, गोष्ट वाचणारे तिसरीकडे. छोट्या शाळेत हे उलट सोपं जातं, कारण सगळे एकमेकांना ओळखतात. चौथीतला मुलगा दुसरीतल्यांबरोबर बसायला लाजतो, त्याला पहिले काही दिवस खडू-डस्टर सांभाळायला द्या. दर महिन्याला पुन्हा वाचून घ्या आणि गट बदला. न बदलणारा गट म्हणजे नवी 'ढ' तुकडी.

चुकीवर फुली मारून पुढे

52 वजा 27. निम्मा वर्ग 35 लिहितो. हा निष्काळजीपणा नव्हे. मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय, सातातून दोन, पाचातून दोन. 'दशकाकडून उसना घे' हे शंभरदा सांगून उपयोग होत नाही. मी खेळातल्या नोटा काढायचे: दहाच्या पाच, एकेकाची दोन नाणी. "मला 27 रुपये दे." मूल नाण्यांकडे बघतं आणि अडतं. मग स्वतःच म्हणतं, "बाई, एक नोट मोडावी लागेल." वडापावच्या गाडीवर सुट्ट्या पैशांची भांडणं रोज ऐकणाऱ्या पोराला उसना म्हणजे काय ते तिथे कळतं.

गैरहजेरीला 'गावी गेलाय' एवढंच उत्तर

गणपतीला अर्धा वर्ग कोकणात. परत आल्यावर आपण जिथे होतो तिथूनच पुढे शिकवतो, आणि ती मुलं दिवाळीपर्यंत चाचपडतात. आल्यावर दोन दिवस फक्त त्यांचे ठेवा. आणि जे घर पुनर्विकासात विरार-कल्याणकडे गेलं, त्यांना दाखला मागायला येण्याची वाट बघू नका, तिसऱ्या दिवशी फोन करा.

सभा दुपारी बाराला

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने 75 टक्के पालक हवेत, निम्म्या महिला. कागदावर आमच्या होत्याच. सभेला यायच्या दोघी, बाकीच्या तेव्हा टॉवरमध्ये घरकामाला. इतिवृत्त आधीच लिहिलेलं, त्या विचारायच्या, "बाई, सही कुठे करू?" मग एकदा संध्याकाळी साडेसातला सभा ठेवली. चौदा जणी आल्या. रंगाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एकजण म्हणाली, मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, म्हणून माझी पोर शाळेत पाणीच पीत नाही.

आम्ही तिघंही रोज त्या दारावरून जात होतो. कडी दुसऱ्या दिवशी बसली, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून आणून.