बाळाला पालथं घालायला सोलापुरी चादर

आपल्या सोलापुरात घरोघरी जाडजूड चादर असतेच. तीच दुहेरी करून जमिनीवर अंथरा आणि बाळ जागं, खुशीत असताना त्याला पोटावर ठेवा. मऊ गादीत हात रुततात, मान उचलायला जोर मिळत नाही. चादरीवर तळहात घट्ट टेकतात. सुरुवातीला 2-3 मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा पुरे. हळूहळू दिवसभरात मिळून 30 मिनिटांपर्यंत न्या. पाजल्यावर लगेच मात्र नको. तुम्हीही समोर पालथे व्हा. तुमचा चेहरा दिसला की ती इवलीशी मान थरथरत कशी वर येते बघा! झोपवताना उताणंच, आणि तोंडाजवळ चादर नको. वॉकर कुणी आहेर दिला तरी माळ्यावरच राहू द्या. चार महिने होऊनही मान धरत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.