आरटीई २५ टक्के प्रवेश: नर्सरी-केजीचा फॉर्म भरताना

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, मोफत जागांसाठीच्या सोडतीत (लॉटरीत) नाव लागूनही प्रवेश हुकतो तो बहुतेक वेळा कागदांवरून. त्यामुळे फॉर्म सुरू व्हायची वाट बघत बसू नका, कागद आधी जमवा. २०२५-२६ चे अर्ज जानेवारी २०२५ मध्येच सुरू झाले होते आणि मुदत मोजक्या दिवसांची होती.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १२ नुसार खासगी विनाअनुदानित शाळेने २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या असतात. शाळा जिथून सुरू होते तिथेच या जागा असतात, म्हणजे नर्सरी असेल तर नर्सरीला, नसेल तर केजीला किंवा पहिलीला. एकदा प्रवेश झाला की आठवीपर्यंत फी नाही. अल्पसंख्याक शाळा यातून वगळल्या आहेत, तेव्हा त्यांची चौकशी करण्यात वेळ घालवू नका.

उत्पन्नाबद्दल लोकांचा हमखास गोंधळ होतो. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त-भटक्या, ओबीसी, विशेष मागास प्रवर्ग हे वंचित गटात येतात. त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जातीचा दाखला पुरतो. मात्र तो महाराष्ट्रातल्या अधिकाऱ्याने दिलेला हवा. परराज्यातला चालत नाही. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेले आणि अनाथ मूलही याच गटात. बाकीच्यांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांपर्यंत असण्याची अट आहे आणि त्यासाठी तहसीलदारांचा दाखला लागतो. ही मर्यादा आजच्या महागाईत फारच तोकडी आहे, पण नियम तोच आहे.

वय ३१ डिसेंबरला मोजतात. २०२५-२६ साठी नर्सरीला १ जुलै २०२१ ते ३१ डिसेंबर २०२२ मधला जन्म चालत होता. पुढच्या वर्षांसाठी तारखा तशाच पुढे सरकवून अंदाज घ्या आणि शिक्षण विभागाच्या पोर्टलवरच्या सूचनेशी ताडून बघा. जन्मदाखला नसेल तर अंगणवाडीच्या रजिस्टरमधली नोंदही चालते.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते पत्त्यावर. रेशनकार्ड, वीजबिल, आधार वगैरे चालतं. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार नोंदणीकृत, किमान ११ महिन्यांचा आणि फॉर्म भरण्याआधीच्या तारखेचा हवा. नंबर लागल्यावर घाईने केलेला करार पडताळणीत बाद होतो. त्या पत्त्यावर तुम्ही राहत नाही असं आढळलं, तर झालेला प्रवेशही रद्द होतो.

फॉर्म शिक्षण विभागाच्या पोर्टलवर भरायचा, पैसे लागत नाहीत. फॉर्ममधल्या नकाशावरचा लाल फुगा (ठिकाणाची खूण) आपल्या घरावरच आणून ठेवा. त्यावरूनच अंतर मोजलं जातं आणि १ किलोमीटरच्या आतल्यांना आधी प्राधान्य मिळतं. सायबर कॅफेवाल्याने फुगा चौकात सोडून दिला, तर शाळांची यादीच बदलते. १० शाळा निवडता येतात; ज्या शाळेत रोज नेणं-आणणं झेपणार नाही, ती टाकूच नका. एका मुलाचे दोन अर्ज भरू नका, दोन्ही बाद होतात. अर्ज क्रमांक आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

सोडतीनंतर एसएमएसवर विसंबू नका, पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्थिती बघा. निवड झाली की आधी शाळेत जायचं नाही. अलॉटमेंट लेटर (जागा मिळाल्याचं पत्र) आणि हमीपत्राची प्रिंट, मूळ कागद आणि झेरॉक्स घेऊन तालुक्याच्या किंवा वॉर्डाच्या पडताळणी समितीकडे जा. तिथे पडताळणी झाल्यावर मग शाळा. शाळेने मुलाची मुलाखत किंवा डोनेशन मागितलं, तर कलम १३ ने दोन्हींना मनाई आहे. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

प्रतीक्षायादीत असाल तर प्रत्येक फेरीची तारीख बघत राहा. तोवर मुलाला अंगणवाडीत घाला. तिथे ३ ते ६ वर्षांच्या मुलांना उत्पन्नाची अट नाही.