सरळ जीन्सची बेलबॉटम: कळी घालायची रीत

कॉलेजच्या वयातल्या बेलबॉटमची हौस पुन्हा उफाळून आली की माणूस तयार फ्लेअर पँट विकत आणतो, आरशासमोर उभा राहतो आणि हिरमुसतो. घेर तर आहे, पण बघितल्यावर ती जुनी मजा येत नाही. गफलत बहुतेक वेळा गुडघ्यात असते. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून ७०च्या दशकभर जी बेलबॉटम मिरवली, तिची मांडी अंगासरशी असे, गुडघा सगळ्यात अरुंद आणि घेर थेट तिथून सुटलेला. गुडघा सैल असला की खाली कितीही कापड ओता, पँट नुसती ढगळ दिसते.

सरळ जीन्सची शिवण गुडघ्याखाली उसवून तिथे कापडाचा त्रिकोणी तुकडा, म्हणजे कळी, बसवली की घेर मिळतो, पण गुडघा मुळातच बसता हवा. म्हणून सुरुवात जीन्सच्या निवडीपासून करा. सरळ पायाची, शंभर टक्के सुती, न ताणणारी जीन्स घ्या. घालून ताठ उभं राहा आणि गुडघ्यापाशी कापड चिमटीत धरून बघा. चिमटीत ३ सेंमीपेक्षा जास्त कापड येत असेल तर आधी गुडघा आत घ्या किंवा दुसरी जीन्स शोधा. ताणणारं डेनिम टाळा. चालताना पँट ताणते, कळी ताणत नाही, आणि शिवणीवर कायमच्या चुण्या पडतात. तेव्हाची जपून ठेवलेली जीन्स कंबरेत बसत नसेल तर ती कळीच्या कापडासाठी वापरा. तिचा विटलेला निळा रंग नव्या कापडात मिळत नाही.

घेर किती ठेवायचा? आठवणीतला घेर नेहमी खऱ्यापेक्षा मोठा असतो, तेव्हा जुना फोटो असेल तर तो काढा. फोटोत मोहरीने, म्हणजे पँटच्या पायाच्या खालच्या तोंडाने, बूट कितपत झाकलाय ते बघा. पूर्ण झाकला असेल तर सपाट ठेवलेली मोहरी साधारण बुटाच्या लांबीएवढी, म्हणजे २८ ते ३१ सेंमी होती असं धरा. पुढच्या मापांसाठी धरू या की जीन्सची मोहरी गोल मापाने ४२ सेंमी आहे आणि आपल्याला ६२ हवी आहे. म्हणजे कळीचा पाया २० सेंमी. याहून फार मोठी कळी एकट्या बाहेरच्या शिवणीत घालू नका, सगळा घेर एका बाजूला कलतो. २५ सेंमीच्या पुढे जायचं असेल तर आतल्या शिवणीतही कळी घाला, पण बाहेरच्यापेक्षा लहान. आतला घेर चालताना एकमेकांवर घासतो आणि सायकलच्या चेनमध्ये हमखास अडकतो.

आता उसवणं. बाहेरचीच शिवण का, तर बहुतेक जीन्समध्ये आतली शिवण दुमडून दुहेरी टीप मारलेली असते आणि बाहेरची साधी, ओव्हरलॉक केलेली (कडा दोऱ्याने गुंफलेली) असते. जी पँट घालायची तिच्यासोबतचे बूट पायात घालून उभे राहा आणि गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेला खडूने खूण करा. उंची कमी असेल तर खूण २ सेंमी वर सरकवा, पाय लांब दिसतो. आधी सगळ्या मोहरीची दुमड उसवा, मग शिवण खुणेपर्यंत. वरचे शेवटचे चार टाके सुईदोऱ्याने पक्के करा, नाहीतर शिवण मांडीपर्यंत आपोआप उसवत जाते. ओव्हरलॉकचे दोरे काढा, कडा इस्त्री करा. जुन्या टिपेची रेघ स्पष्ट दिसेल. ती पुसू नका, नवी टीप तिच्यावरच येणार आहे.

खुणेपासून खालपर्यंतची लांबी मोजा. ती ४५ सेंमी आली असं समजा. इथे घाईने ४५ सेंमीच्या दोन बाजू आणि खाली सरळ रेघ असा त्रिकोण कापला जातो आणि पुढे मोहरी कळीच्या मध्यावर वर उचललेली दिसते. टोकापासून पायाच्या मध्यापर्यंतचं अंतर बाजूपेक्षा सेंटिमीटरभराने कमी भरतं म्हणून. पाया गोलाईतच हवा. टोकावर दोरा दाबून धरा, ४५ सेंमीवर खडू बांधा आणि कमान काढा. बाजूंना जुन्या शिवणीएवढी माया, म्हणजे टिपेबाहेरचं जादा कापड, सोडा (बहुधा १ ते १.२ सेंमी), खाली २ सेंमी. कापडाचा उभा धागा कळीच्या बरोबर मध्यातून गेला पाहिजे, नाहीतर कळी एका अंगाला लोंबते.

दोन कळ्यांना ५० बाय ४० सेंमी कापड पुरतं, एक सुलटी आणि एक उलटी मांडून. कॉर्डरॉय असेल तर दोन्ही एकाच दिशेने कापा आणि कापड जास्त घ्या. त्याची लव एका पायात वर आणि दुसऱ्यात खाली गेली की रंग वेगळे दिसतात. फुलाफुलांचं पातळ सुती कापड हौसेने लावलं जातं, पण ते डेनिमशेजारी मरगळतं. ते दुहेरी घ्या. नवं कापड कोणतंही असो, कापण्याआधी दोनदा धुऊन घ्या, कारण जीन्स आटून झालेली असते आणि कळी अजून आटायची असते.

सगळी कसोटी टोकाला लागते. कळीची एकेक बाजू स्वतंत्र शिवा, टोकाशी सुई रोवून कापड वळवायचा मोह नको. कळीच्या उलट्या बाजूला, मायेच्या दोन रेघा जिथे भेटतात तिथे पेन्सिलने ठिपका द्या. हा ठिपका आणि पँटच्या शिवणीचं शेवटचं टोक टाचणीने एकावर एक बसवा. सुई बरोबर ठिपक्यात उतरवा, दोन टाके मागे घ्या आणि टीप खाली मोहरीकडे न्या. दुसरी बाजूही तशीच, वरून खाली. टीप ठिपक्याच्या वर एक टाकाही गेली तर पुढून चुणी पडते. ठिपक्याच्या खाली सुरू झाली तर भोक राहतं. कळीच्या बाजू तिरक्या धाग्यावर असल्याने त्या ताणतात, म्हणून कळी खाली आणि डेनिम वर ठेवून शिवा, आणि आधी कच्चा धावदोरा घाला. टोकामागे आतून २ सेंमीचा डेनिमचा तुकडा ठेवून आडवे दाट टाके मारले की बसता-उठताना टोक फाटत नाही.

सुई १६ नंबरची जीन्सची, टाका ३ मिमी, दोरा पॉलिस्टर. माया पँटच्या बाजूला वळवून वरून जाड दोऱ्याने ३.५ ते ४ मिमीची टीप मारा.

मोहरी लगेच दुमडू नका. पँट कंबरेकडून एक रात्र टांगून ठेवा, तिरका धागा जेवढा उतरायचा तेवढा उतरू द्या. मग बूट घालून लांबी ठरवा: टाचेशी जमिनीपासून १ सेंमी वर, आणि पुढची बाजू मागच्यापेक्षा १ ते १.५ सेंमी आखूड, म्हणजे पायाच्या उंचवट्यावर मोडणार नाही. गोलाईमुळे रुंद दुमडीला चुण्या पडतात, तेव्हा दोनदा वळवून फक्त १ सेंमीची करा. शिवणीच्या जाड गाठीवर मशीनचा पाय तिरका होऊन सुई मोडते. गाठ आधी हातोडीने ठोकून चपटी करा, पायाच्या मागे पुठ्ठ्याची घडी सरकवा आणि ते चार टाके चाक हाताने फिरवून घ्या.

मोहरी टाचेखाली घासून झिजतेच. त्यावर त्या काळची युक्ती अजून चालते: धातूच्या चेनची (झिपची) एक बाजू मोहरीच्या आतल्या कडेला अशी शिवायची की दात जेमतेम मिलिमीटरभर खाली येतील. झीज दात सोसतात. मात्र लाकडी फरशीवर ही पँट घालून वावरू नका, ओरखडे उठतात.