काचेमागे जरबेरा सडवायचा, पण नीट

आन्या गलाचिओ नावाची स्कॉटलंडमध्ये जन्मलेली आर्टिस्ट आहे, तिची 'प्रिझर्व्ह ब्युटी' ही कलाकृती १९९१ ची. साधारण २००० लाल जरबेराची फुलं काच आणि भिंत यांच्यात दाबून ठेवली, बस्स, पुढचं काम सडण्याचं. 'ब्युटी' हे त्या जरबेराच्या जातीचंच नाव, म्हणजे नावातच चिमटा.

घरी छोटं करून बघायचं तर दोन बाय एक फुटाची ५ एमएम काच घ्या, कडा घासून आणा नाहीतर बोटं जातील. मागे भिंत नको, पांढरा रंग मारलेला प्लाय घ्या. हे मी स्वतः भोगलंय, भिंतीवर केलं होतं तर तपकिरी ओघळ जमिनीपर्यंत आले आणि आई अजून त्यावरून बोलते.

फुलं मार्केटातून चार-पाच जुड्या, एका जुडीत दहा येतात. प्रत्येक फुलाला प्लॅस्टिकची टोपी असते ती काढायला विसरू नका (हसू नका, होतं असं). देठ फुलाच्या अगदी खालून कापायचा कारण जाड देठ राहिला की काच एका बाजूने उचलली जाते आणि पाकळ्या काचेला चिकटतच नाहीत, आणि चिकटणं हाच तर सगळा खेळ आहे. प्लाय आडवा ठेवून फुलं एकमेकांवर थोडी चढवत मांडा, फट ठेवू नका, मग काच ठेवून आरशाच्या क्लिपा चारही बाजूंनी हळूहळू आलटून पालटून आवळा, एकच बाजू पूर्ण आवळली तर काच तडकते.

सिलिकॉन लावून सील करायचा मोह होईल, करू नका. उभं करा, खाली ट्रे आणि रद्दी.

दोन-तीन दिवस नुसतं लालभडक. मग पाकळ्यांच्या कडा काळ्या पडतात, काचेवर आतून वाफ धरते, आणि एका सकाळी मधल्या काळ्या गोलावर राखाडी लव दिसते, जवळ जाऊन बघा, जबरदस्त दिसते. नंतर पाणी सुटतं, वास येतो, चिलटं येतात, म्हणून बेडरूममध्ये नको, गॅलरीत ठेवा. रोज एकाच जागेवरून फोटो काढा.

काढताना मास्क लावा, बुरशी उडते. फुलं कुंडीत जिरवा. काचेला चिकटलेलं सुकायच्या आत भिजवा, नाहीतर जुन्या एटीएम कार्डाने खरवडत बसाल.