वायपर, फ्री थ्रो आणि बारावा खेळाडू: कॉलेजच्या बास्केटबॉल टीममधलं पहिलं वर्ष

पुण्यातल्या आमच्या कॉलेजचं कोर्ट उघड्यावरचं आणि सिमेंटचं. ट्रायल जुलैत, आंतरमहाविद्यालयीन सामने पाऊस सरता सरता. म्हणजे सीझनची तयारी म्हणून जे काही असतं ते सगळं भर पावसाळ्यात. सिलेक्शन झाल्यावर पहिल्या सकाळी मी सहाच्या ठोक्याला नवेकोरे शूज घालून हजर झालो, तर पीडी सरांनी, म्हणजे कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांनी, हातात वायपर दिला. रिंगच्या डाव्या अंगाला तळं साचायचं. ते ढकलायचं, गोणपाटाने पुसायचं, शेवाळ धरलेल्या जागी ब्लीचिंग पावडर टाकून खराटा मारायचा. यात पाऊण तास गेला. ज्युनियर म्हणून राबवून घेतायत असं मनात आलं, पण शेजारीच आमचा कॅप्टन दादा गोणपाट पिळत होता, त्यामुळे गप्प बसलो.

यंदा ट्रायल देणाऱ्यांनी एक ऐका. तिथे जो तो थ्री पॉइंटर, म्हणजे लांबून मारायचा तीन गुणांचा शॉट, मारून दाखवतो. ६.७५ मीटरवरून मीही मारले, बरेचसे रिंगला आपटून परत आले. तिसऱ्या वर्षी ट्रायलच्या नोंदी करायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा सरांची जुनी वही पाहिली. पहिला रकाना ‘मागे धावतो का’, दुसरा ‘बोलतो का’, तिसरा ‘बॉक्स आउट’, म्हणजे रिंगवरून उडालेला बॉल घ्यायला समोरच्याला पाठीने अडवतो का. शूटिंगचा रकाना पार शेवटी! माझ्या नावापुढे पहिल्या रकान्यात खूण होती आणि शेवटच्यात नुसती आडवी रेघ.

शाळेतून आलेल्याला पहिला दणका बसतो तो लाइन रनचा. बेसलाइनवरून (रिंगमागची कोर्टची कड) जवळच्या फ्री थ्रो लाइनपर्यंत (फाउलनंतरचा मोकळा शॉट जिथून मारतात ती रेघ) जाऊन परत, मग हाफपर्यंत, मग पलीकडच्या फ्री थ्रो लाइनपर्यंत आणि शेवटी अख्खं २८ मीटरचं कोर्ट. हिशेब केला तर एका फेरीत १४० मीटर आणि मध्ये सात वेळा गर्रकन वळणं. पळण्यापेक्षा ही वळणंच माणसाला मोडतात. मॅच १० मिनिटांच्या चार क्वार्टरची असते, पण बॉल हातात आल्यापासून २४ सेकंदांत शॉट घ्यावा लागतो, त्यामुळे सारखी ये-जा. रोज सकाळी मैदानाला सावकाश पाच चकरा मारून ‘स्टॅमिना वाढवतोय’ म्हणणाऱ्यांची दुसऱ्या क्वार्टरला जीभ बाहेर येते.

आता माझा मूर्खपणा. ऑगस्टमध्ये नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. जागा जाईल या भीतीने बारा दिवस कुणाला बोललो नाही, स्प्रे मारून खेळत राहिलो. शेवटी जिना उतरता येईना. फिजिओने तीन आठवडे बसवलं. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर बहुधा चार-पाच दिवसांत भागलं असतं. सिमेंट शूज खातं आणि पायही खातं. तळवा झिजलेला शूज ओल्या कोर्टवर घालूच नका. मॅचचा जोड वेगळा ठेवा, तो परवडत नसेल तर महागड्या जर्सीचा नाद सोडा. बॉलचंही तसंच: ओल्यात रबरी काढायचा, चांगला ७ नंबरचा जिमखान्याच्या कपाटातच बरा.

आमच्याकडे प्रॅक्टिस संपताना प्रत्येकाने दोन फ्री थ्रो मारायचे असा नियम होता. एक चुकला की सगळ्या टीमला एक लाइन रन. पहिल्या आठवड्यात माझे दोन्ही चुकले. चौदा जण काही न बोलता बेसलाइनवर जाऊन उभे राहिले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माझे दोन्ही शॉट सरळच होते, पण आखूड पडले होते. दमल्यावर नेम तितकासा बिघडत नाही, आधी गुडघे वाकायचे थांबतात आणि शॉट नुसत्या हाताने जातो. सकाळी ताजेतवाने शंभर फ्री थ्रो मारून हे समजत नाही. धावून या, धाप लागलेली असतानाच दोन मारा, पुन्हा धावा. मला हे जमायला दिवाळी उजाडली.

मॅचच्या शीटवर आमची बारा नावं जायची, कोर्टवर पाच. पहिल्या वर्षी मी बारावा. रोजचं काम म्हणजे समोरची टीम होऊन खेळणं: आज अमुक कॉलेजचा झोन (जागा वाटून घेऊन बचाव), उद्या तमुक कॉलेजचा प्रेस (कोर्टभर अंगावर जाऊन दबाव). कंटाळवाणं होतं, पण त्यातून आमचे सगळे सेट, म्हणजे ठरवलेल्या चाली, मला समोरच्या बाजूने पाठ झाले. स्क्रीन, म्हणजे वाट अडवायला आडवा उभा राहणारा खेळाडू, कुठून येणार हे पाठीला कळायला लागलं.

कागदपत्रांकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं. आमचा एक चांगला सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) पहिल्या मॅचला बाहेर बसला, कारण पात्रता फॉर्मसोबत बारावीच्या मार्कशीटची प्रत नव्हती. चूक त्याची अर्धी, आमची अर्धी. बोनाफाइड, मार्कशीट, आयडी, फोटो यांचे दोन संच जुलैतच करून ठेवा. ‘आणतो उद्या’ म्हणणाऱ्याचा उद्या नेमका सुट्टीचा निघतो.

‘यातून मिळणार काय?’ हे घरचे विचारणारच. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण कॉलेज टीममध्ये होतो म्हणून ते मिळत नाही. स्पर्धेची पातळी, त्यातलं यश आणि प्रमाणपत्राची पडताळणी, सगळं लागतं. आईला खोटी आशा दाखवू नका. मी घरी एवढंच म्हटलं होतं की सकाळी सहा ते आठ जाईन आणि हजेरी कमी पडू देणार नाही. दुसरं वचन ऑक्टोबरात मोडलं, तो विषय वेगळा.

येताना दोन जुने टॉवेल आणा. एक अंगाला, एक बॉलला. दुसऱ्यावर नाव घाला, नाहीतर पहिल्याच दिवशी एखादा दादा त्याने तोंड पुसेल.